ताट वेळेवर दिलं होतं

"ताट वेळेवर दिलं होतं. पेशंटने जेवण घेतलं नाही." एका मोठ्या सरकारी रुग्णालयाने आमच्या अर्जाला दिलेलं हे उत्तर. यात खोटं काही नाही. ताट खरंच वेळेवर आलं होतं. खाटेशेजारच्या लॉकरवर ते तासभर तसंच राहिलं आणि ट्रॉलीवरून परत गेलं. खाटेवरच्या मुलीला त्या ताटापर्यंत हात नेता येत नव्हता, एवढंच उत्तरात नाही.

तिला आपण सुमन म्हणू या. तिच्या आईच्या परवानगीने लिहिते आहे. सुमन २६ वर्षांची होती. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बोलणं अस्पष्ट, पण समज पक्की. टीव्हीवरच्या सासवांना ती घालत असे त्या शिव्या आम्हा सगळ्यांना कळायच्या. तिला चावता येत नसे, गिळायला वेळ लागे. आई तिला टेकवून सरळ बसवायची, मान किंचित पुढे घ्यायची आणि डाळतांदळाचं खिमट लहान चमच्याने भरवायची. एक घास खाली उतरल्याशिवाय दुसरा नाही. एका जेवणाला पाऊण तास. दिवसातून तीनदा, वर्षानुवर्षं.

लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आला म्हणून सुमनला दाखल केलं. चार दिवस आई खाटेखाली सतरंजी टाकून होती. पाचव्या दिवशी तिला कामावर जावंच लागलं. ती चार घरची धुणीभांडी करते. आणखी खाडे झाले असते तर कामं सुटली असती. जाण्यापूर्वी तिने सकाळच्या सिस्टरना सांगितलं, दुपारच्या सिस्टरना सांगितलं, राऊंडवरच्या डॉक्टरांना सांगितलं : बसवून भरवा, पातळ द्या. केसपेपरवर लिहून ठेवा, असंही म्हणाली. कुणी लिहिलं नाही.

दोन दिवस सकाळ-दुपारची ताटं परत गेली. रात्री आई येऊन भरवी तेवढंच. तिसऱ्या दुपारी वॉर्डातल्या मावशींना दया आली. त्यांनी सुमनला आडवीच ठेवून वरणात बुडवलेली पोळी भरवली. ठसका लागला, अन्न श्वासनलिकेत गेलं, न्युमोनिया झाला. सहाव्या दिवशी सुमन गेली. मृत्यूचं कारण : न्युमोनिया. केसपेपरवर आणखी एक नोंद आहे : "नातेवाईक हजर नव्हते."

या तीन शब्दांसाठी मी हे लिहिते आहे.

नातेवाईक म्हणजे कोण? सुमनला वडील आहेत, भाऊ आहे. पण बायकांच्या वॉर्डात भेटीच्या वेळेपलीकडे पुरुषांना थांबू देत नाहीत. म्हणजे नातेवाईक म्हणजे बाईच. रुग्णाला भरवणं, पुसणं, कूस बदलणं ही कामं कुणीतरी बाई फुकट करणारच, हे धरूनच रुग्णालयाचा गाडा चालतो. ती हजर असते तेव्हा तिच्या कामाची नोंद होत नाही. ती गैरहजर असली की मात्र होते!

चौकशीत दोष मावशींवर ढकलला गेला. याला माझा ठाम विरोध आहे. त्या कंत्राटी, अख्ख्या वॉर्डाला एकट्या. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला कसं भरवायचं हे त्यांना कुणी कधी शिकवलं नाही. उपाशी मुलीकडे पाहून ज्यांना राहवलं नाही, त्या एकट्याच गुन्हेगार कशा?

पैसे नाहीत, माणसं नाहीत, असं नेहमी सांगितलं जातं. माणसं कमी आहेत, हे खरंच आहे. पण मऊ खिचडी त्याच रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात रोज शिजते. सुमनच्या कागदावर 'सॉफ्ट डाएट' हे दोन शब्द लिहायला किती पैसे लागणार होते? आणि श्रीमंत देशात तरी काय घडतं? इंग्लंडमधल्या मेनकॅप या संस्थेने २००७ साली बौद्धिक अपंगत्व असलेल्या सहा जणांच्या मृत्यूंचा अहवाल काढला. त्यातला एक माणूस रुग्णालयात २६ दिवस पोषणाविना पडून होता. तेव्हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. हा जीव वाचवण्याइतका मोलाचा आहे का, याचं उत्तर मनात आधीच ठरलेलं असतं.

कायदा नाही असंही नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली स्वीकारला. अपंगत्वामुळे कुणालाही अन्न आणि पाणी नाकारलं जाऊ नये, असं त्याच्या २५ व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे. २०१६ च्या आपल्या कायद्याचं कलम ९२ सांगतं की, अपंग व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न नाकारलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. 'जाणूनबुजून' या शब्दामागे आता सारे लपतात. तीन जणांना तोंडी सांगितलं, लिहून ठेवा म्हटलं, दोन दिवस भरली ताटं परत गेली. जाणण्यासाठी आणखी काय हवं होतं? ग्राहक आयोगाची वाटही बंद, कारण सर्वांना मोफत उपचार देणारं रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवलं आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. दाखल करतानाच रुग्ण काय खातो, कसा खातो, कोण भरवणार हे विचारून केसपेपरवर आणि खाटेवर लिहा. भरवणं हे उपचाराचंच काम माना आणि त्यासाठी शिकवलेली, पगारी माणसं नेमा. भरलेलं ताट परत गेलं तर डॉक्टरांना कळवा. मैत्रिणींनो, आपापल्या गावच्या रुग्णालयात जा आणि यातलं काय होतं ते विचारा. उत्तर लेखी मागा.

सुमनची आई मला दर भेटीत एकच विचारते, "ताई, मी कामाला गेले नसते तर?" मी तिला दर वेळी सांगते की तुमचं चुकलेलं नाही. तिला ते पटत नाही. ज्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता, त्यांना मात्र रात्री शांत झोप लागते आहे.