कीर्द-खतावणीतील शहाणपण

दिवाळीत पातूरसारख्या गावच्या पेढ्यांवर नव्या वहीचे पूजन होते. गंधाक्षता वाहिल्या जातात, पहिल्या पानावर मंगल अक्षरे उमटतात आणि जुनी वही फडक्यात बांधून माळ्यावर जाते. करसल्लागाराने मागितल्याखेरीज ती गाठ पुन्हा सुटत नाही. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहान गावांतील पुष्कळ हिशेब संगणकावर गेले. परंतु माळ्याची जागा यंत्राने घेतली, एवढाच काय तो फरक. विवरणपत्र भरले की आकडे पुन्हा निद्रिस्त.

या निद्रिस्त आकड्यांना प्रश्न विचारण्याच्या विद्येस मोठ्या कंपन्यांत ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात. नाव नवे वाटते, पण ते जुने आहे. रिचर्ड मिलर डेव्हन्स याने 1865 साली सर हेन्री फर्नेस या सावकाराविषयी लिहिताना ते वापरले. इतरांच्या आधी बातमी मिळवणे हे त्या सावकाराचे बळ होते. पुढे 1958 साली आयबीएममधील हान्स पीटर लून याने त्याच शब्दांना यंत्रयुगाचा अर्थ दिला.

बातमीचे हे बळ वऱ्हाडाने जवळून पाहिले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 पासून लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी इकडे वळली. 1870 साली खामगावपर्यंत रेल्वे आली; व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनास आले. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव ज्याच्या हाती आधी येई, तो शहाणा ठरे. गाडीत कापूस भरून आलेल्या शेतकऱ्याला मात्र समोरचा माणूस सांगेल तोच भाव.

आज ती स्थिती उरलेली नाही. अकोल्याचा तुरीचा भाव काय, लातूरचा काय, हे पातूरच्या व्यापाऱ्याइतकेच आलेगावच्या शेतकऱ्यालाही मोबाईलवर कळते. जी बातमी सर्वांपाशी आहे, तिच्या जोरावर कोणी पुढे जात नाही. दुसऱ्या कोणापाशी नसलेली एकच माहिती पेढीजवळ असते, ती म्हणजे तिची स्वतःची खतावणी.

एक साधा हिशेब पाहावा. समजा, कृषी केंद्राने 100 रुपयांचे खत 108 रुपयांना उधार दिले. भांडवलाचे व्याज वर्षाला 12 टक्के धरले, तर जूनमध्ये दिलेली उधारी सोयाबीन विकून ऑक्टोबरात आली तरी 4 रुपये व्याजात जातात आणि 4 उरतात. तीच उधारी तूर विकून मार्चमध्ये आली, तर नऊ महिन्यांचे व्याज 9 रुपये होते. म्हणजे नफा तर नाहीच, वर रुपया पदरचा. याउलट, ज्या मालावर केवळ 3 रुपये सुटतात पण पैसे पंधरा दिवसांत येतात, त्यावर व्याज अवघे 50 पैसे. विक्रीच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्या पेढीला हे कधी दिसत नाही, कारण रोजमेळात तिन्ही नोंदी ‘विक्री’ म्हणूनच शेजारी शेजारी बसलेल्या असतात. बिलाच्या तारखेसमोर वसुलीची तारीख मांडावी लागते, इतकेच. त्यासाठी महागडी प्रणाली नको. घरातील शिकलेली सून किंवा मुलगा दोन संध्याकाळी हे काम करू शकेल. (अनेक घरांत ही मुले पुण्यात परक्या कंपन्यांसाठी नेमके हेच करत असतात.)

अडचण दुसरीकडे आहे. काही व्यवहार पक्क्या वहीत आणि काही कच्च्या चिठ्ठीवर असतील, तर यंत्र अर्ध्या सत्यावर पूर्ण उत्तर देते. तत्त्वार्थसूत्राने कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लेखन हा सत्यव्रताचा अतिचार मानला आहे. पेढीवर त्याची शिक्षा फार लौकिक असते: सरकारला फसवण्यासाठी लिहिलेली वही आधी मालकाच्या पुत्रालाच फसवते, कारण वडिलांच्या मनातील चिठ्ठ्या त्याला वाचता येत नाहीत.

दुसरी अडचण वडिलांच्या बाजूची, आणि ती अधिक आदराने ऐकण्याजोगी आहे. तक्त्यात जो उशिरा पैसे देणारा म्हणून लाल रंगात दिसतो, तो कदाचित तीस वर्षांचा गिऱ्हाईक असतो. विहीर आटली तर त्याचे पैसे उशिरा येतात, पण येतात. त्याची उधारी बंद केली तर पेरणीच्या वेळी त्याने कोठे जावे? आकडा एवढेच सांगतो की ही सवलत पेढीला शेकड्यास एक रुपया पडते. तो रुपया जाणून सोसायचा, थोडी रक्कम आगाऊ घ्यायची की सोयाबीनच्या वेळी निम्मी वसुली ठरवायची, हे पितापुत्रांनी गादीवर बसून ठरवायचे. न कळता सोसणे आणि ठरवून सोसणे यांत मात्र मोठे अंतर आहे. पहिल्यात पेढी हळूहळू पोकळ होते आणि दोष शेवटी त्या शेतकऱ्याच्याच माथी मारला जातो.

मृगाची उधारी सुरू होण्यास अजून अवकाश असेल, तोवर गेल्या तीन हंगामांच्या वह्या माळ्यावरून खाली येऊ शकतात.