‘सर्वसाधारण’ हृदय कोणाचे?

श्राव्यातीत ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपण्याचे तंत्र १९५३ साली स्वीडनमध्ये जन्मास आले. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीही इकोकार्डिओग्राफी होते. अहवालात प्रत्येक आकड्याशेजारी ‘सर्वसाधारण’ मर्यादा छापलेली असते, आणि यंत्राने सांगितले ते शास्त्रच, त्यात राजकारण कसले, असे सुशिक्षितही मानून चालतात. ही मर्यादा कोणाची हृदये मोजून ठरली, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञसंस्थांनी २०१५ मध्ये घालून दिलेली मापे मुख्यतः त्याच दोन खंडांतील पाहण्यांवर उभी आहेत. स्त्रीच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात, तो पूर्ण भरला असता, १०६ मिलिलिटरपर्यंत रक्त मावणे त्यांच्या मते सर्वसाधारण होय. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या पाहणीत तेथील भारतीय वंशीयांचा हा कप्पा गोऱ्यांपेक्षा लहान आढळला. १५ देशांतील सुमारे २,००० निरोगी व्यक्तींच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही भारतीयांची मापे लहानांतच मोडली.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. झडप गळू लागली की हा कप्पा ताणून मोठा होतो, आणि शस्त्रक्रिया केव्हा करावी हे ठरविताना त्याचे माप पाहिले जाते. लहान चणीच्या शेतमजूर स्त्रीचे हृदय तिच्या मानाने फुगलेले असूनही परक्या मोजपट्टीवर ते ‘सर्वसाधारण’ भरू शकते. सांध्यांच्या तापाने झडपा निकामी होण्याचा रोग तर मुख्यतः दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांचाच आहे.

मग भारतीय मोजपट्टी तयार करा, म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. दुसरा खड्डा नेमका येथेच आहे. कमी आहाराशी शरीर जुळवून घेते, ही डॉ. पां. वा. सुखात्मे यांची मांडणी आणि १९८२ साली डेव्हिड सेकलर यांनी पुढे केलेला ‘लहान पण निरोगी’ हा सिद्धान्त जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. खुजेपणालाच निसर्ग मानले की कुपोषितांची संख्या कागदावर आपोआप घटते. सरासरी म्हणजे आरोग्य नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, आणि रक्तक्षयात हृदयाला अधिक राबावे लागते. अशांना सरसकट मोजले तर उपासमारच प्रमाण ठरेल; त्यांना वगळून केवळ शहरी सुखवस्तूंना मोजले तर कष्टकरी पुन्हा बाहेरच राहतील.

वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालकांच्या वाढीची प्रमाणे दिली, ती भारतासह सहा देशांतील, पुरेसे पोषण मिळालेली मुले मोजून. त्या मुलांची वाढ बरीचशी सारखी निघाली. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सरकारी खर्चाने, सर्व थरांतील प्रौढांची उंची, वजन, रक्तातील हिमोग्लोबिन व श्रमाचे स्वरूप नोंदवून हृदयाची मापे घ्यावीत. मापांतील फरकात वंशाचा वाटा किती आणि पिढ्यानपिढ्यांच्या उपासाचा किती, हे वेगळे करून दाखवावे, आणि सर्व आकडेवारी जनतेपुढे ठेवावी.

आरोग्याच्या हक्काची मागणी करताना आपण खाटा, औषधे व डॉक्टर मागतो. त्या मागणीपत्रात मोजपट्टीही आली पाहिजे. कारण रोगी कोण, हे तीच ठरविते.