डावखुऱ्या बाळूंचे चित्र

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची इवलीशी रंगीत चित्रे घातली. त्यातले होनस वॅग्नरचे एक चित्र २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकले गेले. त्याच मालिकेतला डावखुरा पिचर एडी प्लँक याचे चित्रही अतिशय दुर्मीळ आहे. प्लँकच्या नावावर ३२६ विजय आहेत, पण चित्राच्या पाठीवर त्यांचा उल्लेख नाही, तिथे सिगारेटची जाहिरात आहे. विडीच्या बंडलांवरची चित्रे पाहत वाढलेल्या निपाणीला तंबाखू आणि छापील चित्राचे हे नाते नवे वाटू नये. धंदा त्याला विकायला सोयीचे तेच चित्र छापतो. म्हणून कोणाचे चित्र छापायचे, हे धंद्यावर न सोडता समाजाने ठरवायला हवे, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाने त्याची सुरुवात क्रिकेटपटू बाळू पालवणकरांपासून करावी.

१९११ च्या ज्या उन्हाळ्यात प्लँक फिलाडेल्फियाकडून चेंडू फेकत होता, त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या मैदानांवर आणखी एक डावखुरा फलंदाजांना चकवत होता. अखिल भारतीय संघाच्या त्या दौऱ्यात डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू यांनी १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी, तेही अवघ्या १५.२१ च्या सरासरीने. हे आकडे गाठणारा माणूस चांभार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखताना त्याने साहेबांना सरावाची गोलंदाजी केली, आणि हिंदूंच्या संघात आल्यावर त्याला चहा मिळे तो पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. बळी मोजताना धावफलकाने जात विचारली नाही, पण कर्णधार निवडताना निवडणाऱ्यांनी विचारली. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे गेले.

बाळूंची कर्मभूमी पुणे-मुंबई, सीमाभागाचा त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण त्यांचा जन्म धारवाडचा, बेळगावहून दोनेक तासांच्या वाटेवरचा. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, घरची भाषा मराठी. मराठी-कन्नड भाषेच्या भिंती आपल्याला खऱ्या वाटत असतील, तर त्यांच्या दोन्ही अंगांना पाय असलेला हा माणूस दोन्ही बाजूंच्या मुलांनी ओळखायला हवा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९३७ मध्ये बाळू काँग्रेसच्या तिकिटावर डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, मग त्यांना आदर्श कसे मानायचे? आदर्श मानण्याची मागणी इथे नाहीच. ती लढतही चित्रामागे छापावी. अन्यायाला उत्तर कसे द्यावे, यावर अन्याय सोसलेल्यांमध्येही मतभेद होते, हे दहावीतल्या मुलाला समजते. खर्चाची सबबही टिकणारी नाही. हाताच्या पंज्याएवढे जाड कागदाचे चित्र, मागे मराठीत आणि कन्नडमध्ये आठ ओळी, एवढेच तर काम आहे. बेळगावातल्या क्रीडासंस्थांनी आणि निपाणी-चिकोडीतल्या शाळांनी ते हाती घ्यावे. बळींचे आकडे असतील त्याच बाजूला मातीच्या भांड्याचाही उल्लेख असावा.