जुगाराच्या मिळकतीवर शहर उभे राहील काय?

आपल्या नागपुरात कॅसिनो नाही. मग त्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु महाराष्ट्रात कॅसिनोला परवाना देण्याचा कायदा १९७६ मध्येच संमत झाला होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले. मधल्या काळात मात्र ‘कॅसिनो येऊ द्या, महसूल वाढेल, शहरे सुधारतील’ अशी मागणी अधूनमधून होतच राहिली.

ही मागणी अगदीच पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. रस्ते, उद्याने, वाचनालये फुकट होत नाहीत. शिवाय १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढणाऱ्या सरकारने जुगाराविरुद्ध नीतिपाठ द्यावेत, हेही गमतीचेच. तेव्हा नीती क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ व्यवहार पाहू.

त्याच १९७६ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने मतदान घेऊन अटलांटिक सिटी या उतरती कळा लागलेल्या शहरात कॅसिनोंना मुभा दिली. हेतू शहराच्या उद्धाराचाच होता. पण कॅसिनोवाल्याचे हित कशात? आलेला पाहुणा बाहेर पडू नये, यात! जेवण, मुक्काम, करमणूक सारे एकाच छपराखाली. मग भोवतालच्या बाजारात कोण फिरकणार? अखेर कॅसिनोंच्या उत्पन्नाचा सव्वा टक्का विकासकामांत गुंतवून घेण्यासाठी १९८४ मध्ये खास प्राधिकरण स्थापावे लागले. पुढे शेजारच्या राज्यांतही कॅसिनो निघाले, गिऱ्हाईक वाटले गेले. २०१४ या एका वर्षात तेथील चार कॅसिनो बंद पडले आणि २०१६ मध्ये शहराचा कारभार राज्याला हाती घ्यावा लागला.

इतके दूर तरी कशाला जावे? पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी आहेत. ती हलविण्याची आश्वासने झाली, तशा मुदतवाढीही झाल्या. आणि फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांनाच आत जुगार खेळण्यास मज्जाव! जी वस्तू सरकार आपल्या माणसांना वर्ज्य मानते, तिच्यासाठी त्यांच्याच नदीचे पात्र द्यायचे, हा कुठला विकास?

आता आपल्या बर्डीकडे पाहू. खिशात दमडी नसलेला विद्यार्थीही तेथे तासभर हिंडू शकतो. कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर सभा ऐकू शकतो. शहराचा मध्यभाग खऱ्या अर्थाने ज्यांचा असतो ते हेच बिनतिकिटाचे नागरिक. त्यांच्या जागेचा सौदा करून त्यांच्याचसाठी उद्यान बांधू म्हणणे म्हणजे घर विकून त्याला रंग देण्यासारखे आहे.

कॅसिनोचा कायदा गेला, पण मोह गेलेला नाही. उद्या तो दुसऱ्या नावाने, दुसऱ्या झगमगाटात येईल. तेव्हा ‘उत्पन्न किती?’ या प्रश्नाआधी ‘तिकीट नसलेल्या माणसाला येथे उभे राहता येईल काय?’ हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आपण, आजचे विद्यार्थी, दाखविणार आहोत ना?