लंडनचा हिशेब मुलांच्या हाती द्या

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,



गेल्या महिन्यात एक पालक माझ्या कार्यालयात रजेचा अर्ज घेऊन आले. मुलाला बारा दिवसांची रजा हवी होती, तीही सहामाहीच्या तोंडावर. कारण विचारले तर म्हणाले, "मॅडम, युरोपची सहल. बारा दिवसांत आठ देश. बँकेचे कर्ज मंजूर झाले आहे." मुलगा शेजारीच उभा होता. मी त्याला विचारले, "कोणते आठ देश रे?" त्याला चारच सांगता आले. पुढचे वडिलांनाही आठवेनात. "ते सगळं कंपनीवाले बघतात," ते म्हणाले.

मी रजा दिली नाही, आणि ते नाराज होऊन गेले. त्यांची नाराजी मला कळते. मुलाला जग दाखवावे अशी इच्छा कोणत्या बापाला नसते? पण ज्या सहलीतले देशसुद्धा मुलाला ठाऊक नाहीत, ती सहल त्याची कशी म्हणायची? त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे, म्हणून या अंकात त्यावरच लिहिते.

उपदेश करण्याआधी माझी स्वतःची चूक सांगते.

जून 2023 मध्ये आम्ही घरची सहा माणसे पाच दिवसांसाठी लंडनला गेलो. आम्ही दोघे, दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले. पुतणी तेव्हा तेरा वर्षांची आणि पुतण्या नऊ वर्षांचा. लंडन हे युरोपातल्या महागड्या राजधान्यांपैकी एक. आम्ही मोठ्यांनी चार वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. तयारीही मोठ्यांनीच केली. पुतणी मधेमधे काही सांगू पाहायची, तर आम्ही "तू अभ्यास कर" म्हणून तिला गप्प बसवायचो.

तिचे एकच म्हणणे आम्ही ऐकले. जाऊबाईंनी मावाबाटीचा डबा भरला होता. पुतणीने ब्रिटनचे नियम वाचून सांगितले की भारतातून दूध-खव्याचे पदार्थ, तूप, पनीर तिकडे नेता येत नाही. डबा निघाला आणि त्या जागी आपली इंदुरी शेव गेली.

विमानतळावर मात्र आम्ही तिचे ऐकले नाही. ती म्हणत होती की हीथ्रोहून पिकॅडिली नावाची भुयारी रेल्वे थेट शहरात जाते. तासभर लागतो, पण भाडे पुष्कळ कमी पडते. आम्ही म्हटले, एवढे सामान घेऊन कुठे जिने उतरायचे? टॅक्सी करू. सहा माणसे आणि सहा बॅगा एका टॅक्सीत मावेनात, म्हणून दोन कराव्या लागल्या. उतरल्यावर जे बिल हाती आले, त्याने दिरांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला बाहेर पडलो तर त्याच पिकॅडिली रेल्वेचे स्टेशन आमच्या मुक्कामापासून पाच मिनिटांवर! पुतणी काही बोलली नाही. तिने फक्त स्टेशनच्या पाटीकडे पाहिले आणि मग आमच्याकडे.

तीस वर्षे मुलांना शिकवते आहे मी. मुलांचे ऐकून घ्यावे, असे दरवर्षी पालक सभेत सांगते. आणि घरच्या मुलीचे म्हणणे मीच ऐकले नव्हते. त्या सकाळी आम्ही खर्चाची वही तिच्या हाती दिली आणि रोजच्या खर्चाची मर्यादा ठरवून दिली. पुढचे चार दिवस ती आमची हिशेबनीस होती.

तिने काय केले ते सांगते, कारण ते तुमच्याही कामाचे आहे.

पहिले काम प्रवासाचे. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवावे लागते, आणि प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे. आम्ही गेलो त्या वर्षी बसचे भाडे 1.75 पाउंड होते आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसा बदलल्या तरी पुन्हा भाडे पडत नव्हते. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, आणि मोठ्यांबरोबर असतील तर भुयारी रेल्वेही फुकट. अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलांना निम्म्या दराची सवलत मिळते, पण ती आपोआप मिळत नाही. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून ती ऑयस्टर कार्डावर चढवून घ्यावी लागते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले. इंग्रजी वाचते, कामापुरते लिहिते, पण परक्या देशात खिडकीशी जाऊन बोलायचे म्हटल्यावर माझी जीभ टाळूला चिकटली. पुतणीने वहीत आधीच तीन वाक्ये लिहून ठेवली होती. ती पुढे झाली, तिने ती बोलून दाखवली आणि दोन मिनिटांत काम झाले. भाषेची भीती मोठी असते खरी, पण काय विचारायचे हे आधी ठरलेले असले की ती अर्धी होते. आपल्या शाळेतल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दुसरे काम, काय पाहायचे ते ठरवण्याचे. महाग शहरात सगळेच महाग असते असे आपण समजतो. लंडनमध्ये तसे नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम या सर्व संग्रहालयांचे कायमचे संग्रह विनामूल्य पाहता येतात. शेवटची तिन्ही तर साउथ केन्सिंग्टनला एकमेकांच्या शेजारी आहेत. टिपू सुलतानाचा तो प्रसिद्ध लाकडी वाघ तिथेच आहे, आणि आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये. आपल्याच देशातल्या वस्तू तिथे पाहून मुलांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे देताना आम्हा मोठ्यांची तारांबळ उडाली. असे प्रश्न कुठल्याही तिकिटाने विकत मिळत नाहीत.

विकतचे तिकीट सहलीत एकच, असा पुतणीने नियम केला, आणि ते कोणते यावर मतदान घेतले. लंडन आय नावाचा मोठा पाळणा की टॉवर ऑफ लंडन? चार विरुद्ध दोन मतांनी टॉवर जिंकला, कारण तिथे कोहिनूर आहे. ज्याला पाळणा हवा होता तो पुतण्या थोडा रुसला. पण मत देऊन हरणे हाही धडाच आहे.

तिसरे काम उजेडाचा उपयोग करण्याचे. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. संग्रहालये संध्याकाळी बंद झाली की बागा, नदीकाठ आणि पूल आमचेच. अशाच एका संध्याकाळी ग्रीनिचच्या टेकडीवर गेलो. शून्य रेखांशाची वेधशाळा तिथे आहे. वेधशाळेला तिकीट आहे, पण टेकडी खुली आहे, आणि फाटकाबाहेर भिंतीत चोवीस तासांची तबकडी असलेले जुने घड्याळ आहे. पुतण्या ओरडला, "काकू, हे घड्याळ एक तास मागे आहे!" ते बिघडलेले नव्हते. ते घड्याळ वर्षभर ग्रीनिचची प्रमाणवेळच दाखवते, आणि उन्हाळ्यात ब्रिटनमधली बाकी घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. म्हणूनच पुस्तकात आपल्या आणि त्यांच्या वेळेत साडेपाच तासांचा फरक लिहिलेला असतो आणि जूनमध्ये फोन करताना साडेचार तासांचा पडतो. भूगोलाचा हा धडा मी त्याला वर्गात कितीदा शिकवला असता, तरी असा पक्का बसला नसता.

शेवटच्या दिवशी पुतणीने एकच ठिकाण लिहिले होते, किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये तिथे राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर घेतले. आपल्या इंदूरपासून हाकेच्या अंतरावर महू आहे, बाबासाहेबांचे जन्मगाव. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पैसे साठवून, काही उसने घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा गेले आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यांनी अभ्यास पुरा केला. तेव्हाही लंडन महागच होते. त्या दारासमोर उभे राहून पुतणीने वही मिटली आणि म्हणाली, "काकू, आपण उगीच पैशाची कुरकुर केली."

आता माझे म्हणणे स्पष्ट मांडते.

पालकहो, परदेशी जायचे असेल तर जरूर जा, पण एकच शहर निवडा आणि तिथे चार-पाच दिवस राहा. बारा दिवसांत आठ देश म्हणजे बसच्या खिडकीतून पाहिलेली चित्रे. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नका. सहल पाच दिवसांची असते, हप्ते पाच वर्षांचे. व्हिसासाठी प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि शुल्कही वेगळे, लहान मुलाचेसुद्धा, आणि नकार आला तरी ते शुल्क परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हाती येण्याआधी परत न होणारी तिकिटे काढू नका. ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही आणि पॅरिसचा लंडनला चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. उन्हाळ्याची सुट्टी असताना शाळेच्या दिवसांत रजा मागू नका. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, सहलीची वही मुलाच्या हाती द्या. त्याच्याकडून चुका होतील. पण आम्हा चार मोठ्यांनी पहिल्याच दिवशी केली, तेवढी महाग चूक तेरा वर्षांच्या मुलीने एकही केली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले फार थोडे लंडनला जातील, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी पुष्कळांचे आईवडील वर्षाची फी भरताना कशी ओढाताण करतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणून जे जाऊन येतील त्यांना माझे सांगणे की वर्गात चॉकलेटे आणि टोप्या मिरवू नका. डायरी आणा आणि सर्वांना वाचून दाखवा. जे जाणार नाहीत त्यांनी मन छोटे करू नये. महेश्वरच्या एका दिवसाच्या सहलीतही बसचे भाडे, जेवण, वेळ आणि मतदान असतेच. हिशेब तोच, रक्कम तेवढी वेगळी.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. पुढच्या सत्रात आठवीच्या वर्गाला आठवड्याचा एक तास द्यावा. मुलांचे गट करू. अर्धे गट ठरावीक रकमेत चार दिवसांचे लंडन आखतील, अर्धे महेश्वर-मांडूची दोन दिवसांची सहल. गणित, भूगोल, इंग्रजी, इतिहास, सगळे त्यात येईल, आणि खर्च मात्र काही नाही. महेश्वर-मांडूचा उत्तम आराखडा निवडून त्याप्रमाणे शाळेची सहल न्यावी. त्यात प्रत्येक मुलाला जाता येईल.

रजा न मिळाल्याने नाराज झालेल्या त्या पालकांनाही मी हा अंक स्वतः देणार आहे. त्यांच्या मुलाला पहिल्या गटात घेईन. बघू या, उन्हाळ्यापर्यंत आठांपैकी कोणते एक शहर तो निवडतो ते.

विचार व्हावा, ही नम्र विनंती.

आपली,
प्राचार्या