गावाची फाईल गावातच वाचली जावी

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ग्रामसभांना आणि मोबाइलचं अ‍ॅप बनवता येणाऱ्या प्रत्येक मराठी तरुणाला ही कळकळीची विनंती आहे.

वनहक्क दाव्यांच्या कागदांना ओल धरते, वाळवी लागते. म्हणून लोक फोटो काढून फुकटच्या स्कॅनिंग अ‍ॅपमध्ये टाकतात. आता तर चॅटबॉटला विचारतात, ‘यात काय लिहिलंय, सांग.’ त्याच क्षणी तो कागद कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. नुसतं ‘असं करू नका’ म्हणून भागणार नाही. लोकांच्या हाती दुसरं साधन द्यावं लागेल.

ती फाईल एकदा उघडून बघा. जातीचा दाखला, आधारची झेरॉक्स, म्हाताऱ्यांचे जबाब, गावाचे जंगलावरचे जुने हक्क नोंदवणाऱ्या निस्तारपत्रकाचा उतारा. जुन्या कागदावर जिल्ह्याचं जुनं नाव ‘चांदा’, मजकूर कधी हिंदीत, शाई पुसट. सामूहिक दाव्याच्या नकाशावर तर मोह-तेंदू कुठे, औषधी झाडं कुठे, देवाची जागा कुठली, सगळ्या खुणा. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. इतर पारंपरिक वननिवाशांना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तिथे आजोबांचं नाव चुकीचं वाचलं गेलं की दावा अडलाच.

फोनमध्येच चालणारं एआय आता शक्य आहे. गुगलचं जेम्मा 3एन हे 2025 चं मॉडेल फोनसाठीच बनवलेलं आहे. छापील देवनागरी वाचणारं टेसरॅक्ट फुकट आणि खुलं आहे. यातून बनवलेलं अ‍ॅप मेमरी कार्डावरून टाकता यावं. त्याला इंटरनेटची परवानगीच मागू देऊ नका. ती नसेल तर अँड्रॉइड त्याला नेटला जोडूच देत नाही. आपोआप होणारा बॅकअपही बंद ठेवा. कोड खुला ठेवा, म्हणजे कुणालाही तपासता येईल. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. असं अ‍ॅप तेव्हाही चालेल.

मात्र एआय चुकतं, आणि हाताने लिहिलेल्या जुन्या मजकुरात फार चुकतं. म्हणून वाचलेल्या प्रत्येक ओळीशेजारी मूळ कागदाची तीच ओळ दिसलीच पाहिजे. शंका असेल तिथे अ‍ॅपने जागा रिकामी सोडावी, अंदाजाने नाव भरू नये. काय वाचायचं, यात अंतिम शब्द गावाच्या वनहक्क समितीचा.

गोंडवाना विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनो, पुण्या-नागपूरच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आमच्या लेकरांनो, शनिवार-रविवार द्या. निवृत्त तलाठी आणि नायब तहसीलदारांनो, जुनं अक्षर तुम्हालाच लागतं. गावात बसून वाचनातल्या चुका दाखवा. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांनो, वाचलेलं ऐकवण्यासाठी अ‍ॅपला तुमचा आवाज द्या. ग्रामसभांनो, तोवर मूळ कागद कुणाला देऊ नका, फोटो कुठे चढवू नका, आणि येत्या पावसाळ्याआधी पेटीतला प्रत्येक कागद सावलीत वाळवून त्याची यादी ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.