मुळांची भीती कोणाला?

मुंबई-गोवा महामार्गावरून येणारा प्रवासी कसालला पोहोचला की मालवणकडे जाणारा रस्ता तेथून फुटतो. महामार्गाने तसेच दक्षिणेला गेले तर कुडाळ, सावंतवाडी, बांदा ओलांडून गोवा लागतो. उलट दिशेने उत्तरेला गेले तर कणकवली, चिपळूण, महाड अशी गावे मागे टाकत अलिबागचा किनारा गाठता येतो. या एकाच रस्त्याच्या दोन टोकांना एकाच वंशाच्या दोन शाखांचा इतिहास घडला आहे. हा वंश यहुदी. गोव्यातील शाखेला येशूचा स्वीकार करूनही जगू दिले गेले नाही. अलिबागच्या शाखेला येशूचा उपदेश ऐकून तो सविनय नाकारता आला आणि तिचे काहीही बिघडले नाही. असे का व्हावे, याचा विचार सिंधुदुर्गातील सर्वच समाजांनी करावा असा आहे.

मुळात येशू स्वतः यहुदी होता. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, तो शब्बाथ पाळणाऱ्या समाजात वाढला आणि वल्हांडणाच्या सणासाठी यरुशलेमला गेला. त्याचे पहिले शिष्यही यहुदीच होते. त्याच्या मागे अवघ्या वीस वर्षांत या अनुयायांपुढे पेच उभा राहिला. यहुदी नसलेले लोक पंथात येऊ लागले होते. त्यांनी सुंता करावी काय, मोशेचे आहारनियम पाळावेत काय? इ. स. 49च्या सुमारास यरुशलेमला सभा भरली आणि नवागतांवर सुंतेची सक्ती नको असे ठरले. तरीही वाद मिटला नाही. अंत्युखियात पेत्र हा बिगरयहुद्यांच्या पंगतीतून उठून बाजूला झाला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला, असे बायबलच सांगते. म्हणजे ख्रिस्ती धर्मातील पहिला मोठा वाद पंगतीचा होता. कोणाबरोबर जेवायचे आणि काय जेवायचे, हा प्रश्न आपल्या समाजालाही अपरिचित नाही.

पुढे पारडे फिरले. आरंभी यहुदी नसलेल्यांवर यहुदी चालीरीती लादू नयेत एवढाच आग्रह होता. काही शतकांनी यहुदी चालीरीती पाळणे हाच ख्रिस्ती माणसाचा अपराध ठरला. इ. स. 321 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार हा विश्रांतीचा दिवस केला. 325 मध्ये निकायाच्या धर्मपरिषदेने ईस्टरची तिथी यहुदी पंचांगापासून तोडली. चौथ्याच शतकात लाओदिकियाच्या परिषदेने ख्रिस्त्यांना शनिवारी विश्रांती घेण्यास मनाई केली. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेच्या काळात निघालेल्या पोपच्या आज्ञापत्राने सुंता आणि शब्बाथ पाळणाऱ्यांचा स्पष्ट धिक्कार केला. ज्या वृक्षाला आपण फांदीसारखे जोडले गेलो, त्याच्याच मुळांची भीती वाटावी, असा हा प्रवास आहे.

या भीतीचे राजकीय रूप लवकरच दिसले. 1492 मध्ये स्पेनने यहुद्यांना देशाबाहेर काढले. त्यातील हजारो शेजारच्या पोर्तुगालमध्ये आले, तर 1497 मध्ये तेथे त्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. त्यांना 'नवे ख्रिस्ती' असे नाव मिळाले. नाव नवे आणि संशय मात्र पिढ्यान्पिढ्या जुना, अशी त्यांची अवस्था झाली. अशाच एका कुटुंबातील वैद्य गार्सिया द ओर्ता 1534 मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य व स्नेही होता. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. हिंदुस्थानातील वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. आपल्या वैद्यांचे ज्ञान युरोपला नेणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

ओर्ता जिवंत असेपर्यंत त्याला हात लागला नाही. 1568 मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. 1580 मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. मेलेल्या माणसाच्या अस्थींनाही शिक्षा देणारे हे न्यायालय म्हणजे गोव्याचे इन्क्विझिशन. ते 1560 मध्ये स्थापन झाले, 1774 ते 1778 ही चार वर्षे वगळता 1812 पर्यंत चालले. त्याच्या स्थापनेची मागणी सेंट फ्रान्सिस झेवियरने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रातच केली होती. अ. का. प्रियोळकरांसारख्या व्यासंगी मराठी संशोधकाने 1961 मध्ये या साऱ्याचा साधार ग्रंथ सिद्ध केला, म्हणून हा इतिहास आज आपल्यापुढे आहे.

या न्यायालयाचे पुरावे कोणते होते? शुक्रवारी सायंकाळी दिवा लावणे, शनिवारी धुतलेले वस्त्र नेसणे, डुकराचे मांस टाळणे. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या ओठांवर येशूचे नाव असून भागत नव्हते. त्याच्या घरात आजीने शिकविलेले काही शिल्लक आहे काय, हे पाहिले जात होते. आणि यहुदी कुटुंबांसाठी घडविलेले हे शस्त्र पुढे हिंदूंमधून ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांवर चालले. 1736 च्या हुकूमनाम्याने त्यांना अंगणात तुळस ठेवण्यास, पुरुषांना धोतर नेसण्यास, स्त्रियांना चोळी घालण्यास, एकादशीचा उपवास करण्यास, लग्नात विडा-सुपारी देण्यास मनाई केली. हिंदूंप्रमाणे भात मिठाशिवाय शिजविणे हासुद्धा अपराध ठरला! भातात मीठ कधी घालावे हे जेव्हा धर्मपीठ ठरवू लागते, तेव्हा त्याचा स्वतःच्या सिद्धांतावरचा विश्वास किती उरला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता महामार्गाच्या उत्तर टोकाकडे वळू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांनी कोकणात तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. शतकानुशतके त्यांच्याजवळ ना धर्मग्रंथ होता, ना धर्मगुरू. सुंता, शब्बाथ, खवले व पर असलेलेच मासे खाणे आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढीच त्यांची शिदोरी. सणांची हिब्रू नावे विसरली, तरी 'नव्याचा सण', 'दारफळणीचा सण', 'खिरीचा सण' अशा मराठी नावांनी ते साजरे होत राहिले. गावाच्या नावापुढे 'कर' लावून किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी आडनावे आली. गावाने त्यांना घाणा शनिवारी का थांबतो हे विचारले असेल, पण तो चालविण्याची सक्ती कधी केली नाही.

या समाजाकडेही मिशनरी आले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत उतरले. 1832 मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. यहुद्यांना त्यांचे मूळ शास्त्र वाचता आले की त्यातूनच ते येशूकडे येतील, असा त्यांचा हिशेब होता. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले आवडीने शिकली आणि जुना करार वाचू लागली. घडले मात्र उलटे. मूळ शास्त्र हाती येताच ती अधिक जाणते यहुदी झाली. ख्रिस्ती होणारे अगदी थोडे निघाले. विल्सन यांच्या विद्वत्तेचा उपकार हा समाज आजही मानतो, आणि आपले मूळही सोडीत नाही. शिक्षण घेतले म्हणजे धर्मांतर करावे लागते, हा समज या मूठभर कोकणी तेल्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच खोटा ठरविला.

ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसालाही हा ताण चुकला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. परंतु आपली भाषा, अभंग, कीर्तन आणि संतपरंपरा सोडण्यास त्यांनी नकार दिला. अखेर 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. येशूवर श्रद्धा ठेवण्यासाठी पाश्चात्त्य व्हावे लागत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या शतकात बिगरयहुदी अनुयायांनी यहुदी न होता येशूला मानण्याचा हक्क मागितला होता. टिळकांची मागणी त्याच जातीची होती.

हा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही तितकाच अवघड आहे. नाझी छळात शेकडो यहुद्यांचे प्राण वाचविणारा ओस्वाल्ड रुफाइसेन हा पोलिश यहुदी पुढे कॅथलिक साधू झाला. यहुदी म्हणून इस्रायलचे नागरिकत्व द्यावे, ही त्याची मागणी तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये फेटाळली. 1989 मध्ये येशूला मसीहा मानणाऱ्या एका यहुदी दांपत्यालाही हेच उत्तर मिळाले. आणि गंमत अशी की, येशूला कधीही न मानलेल्या आपल्या बेने इस्रायल बांधवांच्याही यहुदीपणाबद्दल तेथील धर्मपीठाने साठच्या दशकात शंका घेतली. त्यांच्या विवाहांवर अटी घातल्या. आंदोलन झाले, तेव्हा कुठे 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्या कोकणाने त्यांना कधी दाखला मागितला नाही, ते सोडून गेल्यावर पितृभूमीत मात्र दाखला द्यावा लागला. तरीही इस्रायलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक त्यांनीच काढले. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला, तेव्हा ते मूठभरच उरले होते.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली ख्रिस्ती धर्मनेतृत्वाला. 1965 च्या व्हॅटिकन परिषदेने यहुदी मुळांशी असलेले आपले नाते मान्य केले आणि येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुद्यांवर ठेवण्याची परंपरा नाकारली. 2000 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या पुत्रांकडून घडलेल्या पापांची क्षमा मागितली. ही प्रामाणिक पावले आहेत. मग यहुदी मुळांना मिळालेला हा न्याय कोकणच्या मुळांनाही मिळावा. सावंतवाडी येथे 2005 मध्ये सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मालवण, वेंगुर्ला, कुडाळ परिसरातील ख्रिस्ती बांधव मालवणी बोलतात, त्याच मातीत भात पेरतात. गावाची पंगत, पूर्वजांची आठवण, ग्रामदेवतेविषयीचा आदर ही त्यांच्या श्रद्धेतील अशुद्धी आहे, असे कोणाही नव्या वा जुन्या प्रचारकाने त्यांना सांगू नये. धर्मांतराला आमचा जो आक्षेप आहे, त्याचे मर्म हेच आहे. उपासना बदलताना माणसाला आजोबांची लाज वाटायला लावली जाते.

दुसरी गोष्ट आपल्या वाचकांना आणि कार्यकर्त्यांना. बेने इस्रायलांना मिळालेल्या आश्रयाचा आपण व्यासपीठावरून रास्त अभिमान बाळगतो. पण तो पराक्रम कोणा राजाच्या फर्मानाचा नव्हता. शेजारच्या घरचा घाणा शनिवारी थांबतो, हे पाहून गप्प राहणाऱ्या सामान्य गावकऱ्याचा होता. शेजाऱ्याच्या चुलीत डोकावणे, त्याच्या सणावर पाळत ठेवणे, त्याच्या निष्ठेचा दाखला दारात जाऊन मागणे, ही इन्क्विझिशनची रीत आहे. जिच्या अत्याचारांनी देवांच्या मूर्ती डोक्यावर घेऊन आपल्या पूर्वजांना साष्टी-बारदेश सोडावे लागले, तिची रीत आपण उचलायची नाही. फसवणूक आणि प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतराला कायद्याने व प्रबोधनाने उत्तर द्यावे. जो शेजारी पिढ्यान्पिढ्या ख्रिस्ती आहे, त्याच्याशी मात्र भाषेचे, गावाचे, मातीचे नाते वाढवावे. त्याच्या सणाला जावे, आपल्या सणाला त्याला बोलवावे.

मुळे जपायला सत्ता लागत नाही. कोकणातील तेल्यांनी ती ग्रंथाशिवाय, गुरूशिवाय जपली, कारण शेजार निर्भय होता. तसा निर्भय शेजार टिकविणे हे आजच्या सिंधुदुर्गाचे काम आहे, आणि त्याची पहिली जबाबदारी संख्येने मोठ्या समाजाची आहे.